मनगटातले डोळे

सिंदेवाहीच्या बसस्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं छापतो. भूतबित मी मानत नाही, आणि मानणाऱ्यांशी भांडायला मला आवडतं. हे आधीच सांगून ठेवतो.

संघप्रिया माझ्याकडे डिझाइनचं काम करते. गेलेल्या माणसाचा फोटो म्हणजे बहुतेकदा आधार कार्डावरचा. तो मोठा केला की डोळ्यांच्या जागी दोन डाग उरतात. ते डोळे ती कॉम्प्युटरला जोडलेल्या टॅबलेटवर पेननं नव्यानं काढायची. टॅबलेट तळहाताएवढा आणि समोरचा स्क्रीन चांगला थोरला. मनगट जरा हललं की रेघ स्क्रीनभर पळायची.

तिचे वडील लटारू मोहफुलं वेचायला गेले आणि वाघानं त्यांना नेलं. जे सापडलं ते कापडात बांधून आणलं, मायलेकींना तोंड दाखवलं नाही. तेव्हापासून तिची आई कांताबाई रोज दिवेलागणीला चौकात यायची आणि कोणाच्याही श्रद्धांजलीच्या बॅनरखाली उभी राहायची. उभ्या उभ्या हसायची. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग एकदा गावातली मंगलीबाई गेलेल्या नवऱ्याचा छापलेला फोटो परत घेऊन आली. "खुशालभाऊ, हे डोरे आमच्या माणसाचे नाई. कोणाचे हायेत हे?"

मी वैतागून जुन्या फायली उघडल्या. म्हातारे, तरणे, बाया, सगळ्यांना एकच डोळे. डावा जरा मिटलेला. निघता निघता मागे वळून पाहणाऱ्या माणसाचे असावेत तसे. मी फायली पटापट बंद केल्या.

संघप्रिया खाली मान घालून म्हणाली, "बाबा टोपली घेऊन निघाले तवा मायकडं असेच पाह्यले होते. मी मुद्दाम नाई करून राह्यली भाऊ. हात आपोआप जाते."

"हात आपोआप जात नाई," मी खेकसलो. "टॅबलेट लहान आहे. मनगटाले एकच वळण पडलं."

मला तसंच मानायचं होतं. नवा टॅबलेट केवढा हवा ते ठरवायला आम्ही वाया गेलेल्या फ्लेक्सचे तुकडे वेगवेगळ्या मापात कापून टेबलावर मांडले आणि तिनं त्यांवर पेन फिरवून पाहिला. सगळ्यात मोठ्या तुकड्यावर खांद्यापासून हात हलवावा लागे, शिवाय टेबलावर जागा उरत नसल्यानं कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागे. मधल्या मापावर हात कोपरापासून सैल फिरला. त्याच मापाचा टॅबलेट मागवला.

नव्या टॅबलेटवर तिनं मंगलीबाईच्या नवऱ्याचे डोळे पुन्हा काढले. बारीक, मिश्कील. मंगलीबाई फोटो छातीशी धरून रडली. त्यानंतर प्रत्येक मेलेल्याला त्याचे स्वतःचे डोळे मिळू लागले आणि मी जिंकल्यासारखा फिरू लागलो.

कांताबाई मात्र चौकात येऊन या बॅनरखालून त्या बॅनरखाली जायची आणि तशीच परतायची. तिनं जेवण सोडलं. एका संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमी त्यायले कुठी पाठवलं?"

जुना टॅबलेट मीच ड्रॉवरमध्ये कोंबला होता.

लोकांचे मेलेले आता पुन्हा बिघडवायचे नव्हते. दुकानाचा बोर्ड जुना झाला होता, आणि बोर्डावर मालकाचा फोटो तर लागतोच. दुसऱ्या दिवशी मी लहान टॅबलेट काढून संघप्रियापुढे ठेवला. "यावर माझे डोळे काढ."

ती दचकली. "भाऊ, मी जित्या माणसाचे कधी काढले नाई."

"मी असलं काही मानत नाई. काढ."

तिनं काढले. बोर्ड लागला. माझंच तोंड, माझ्याच मिशा, आणि त्यांच्यावर लटारूचे डोळे. बायको म्हणाली, फोटो चांगला आला, पण तुम्ही कुठं निघालेले दिसता. तेव्हापासून मी शेतावर जाताना जंगलाकडचा रस्ता टाळतो. कोणी विचारलं तर खड्ड्यांचं कारण सांगतो.

कांताबाई जेवू लागली. दिवेलागणीला येते, पण अलीकडे बोर्डाकडे मान वर करत नाही. सरळ आत येते, डोक्यावरचा पदर सारखा करते, माझ्या डोळ्यांत पाहते आणि हळूच विचारते, "जेवले काय जी?"

आणि मी हो म्हणतो.