वरची चिमूट

सासरे बंदूक घेऊन निघाले तेव्हा सासूबाईंनी एकच मागणं केलं. एका गोळीत संपवा, तडफडू देऊ नका. सासऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या नेमाचं नाव नांदूरघाटापर्यंत होतं.

बैल आमचाच. दुष्काळात सोसायटीने काढलेल्या चारा छावणीत बांधलेला. त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि पुढे महिन्याभरात तोंडाला फेस आला, पाणी गिळेना. दावं तोडून तो कोरड्या तलावात जाऊन उभा राहिला. छावणीत गावाची उरलीसुरली जनावरं होती. चेअरमननी हात जोडून सांगितलं की बैल तुमचा, बंदूकही तुमचीच. खरंच होतं ते. मला मात्र त्या हात जोडण्याचाच राग आला.

बंदूक निजामाच्या काळातली, जाड गोळीची. चापाखालची कडी खाली ओढून वर केली की पुढचं काडतूस नळीत चढायचं. तिची काडतुसं मिळेनाशी झाल्यावर सासरे रिकामी पितळी नळकांडी जपून ठेवत आणि घरीच भरत. हल्ली त्यांच्या बोटांचे सांधे धरले होते, म्हणून त्या वेळची मी भरली. दारू मोजायला एक छोटं माप होतं. ते भरून काठावरून सुरीचं पातं फिरवायचं, एवढंच त्यांनी शिकवलं होतं.

पण लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी मला दुसरंच शिकवलं होतं. माप कधी सपाट देऊ नये, वर चिमूटभर टाकावं, बरकत राहते. पीठ असो की डाळ असो. मुक्या जिवाची लवकर सुटका व्हावी म्हणून मी प्रत्येक काडतुसात वर एक चिमूट टाकली. मोठी शहाणी मी.

ऐंशी पावलांवरून त्यांनी नेम धरला. आम्ही दोघी बांधावर उभ्या होतो. पहिली गोळी कपाळाच्या वर, शिंगाच्या बुडाला लागली. बैल असा हंबरला की सासूबाई मटकन खाली बसल्या. दुसरी गोळी पाठीवरून गेली आणि मागे धूळ उडाली. मग सासरे त्या पिसाळलेल्या जनावराकडे चालत गेले, अगदी वीस पावलांवर. तिसऱ्या गोळीला बैल पडला. मला नुसतं बघत राहावं लागलं.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "सूनबाई, माप सपाटच घेतलं व्हतं ना? दारू जादा झाली की गोळी नेमाच्या वर जाती."

"व्हय, मामंजी."

"मग माजाच डोळा गेला म्हनायचा."

आठवड्याभरात त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली. पुढे कितीतरी वर्षं मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटी दिसली की ते मला गाडीवरची पाटी वाचायला सांगत. आपली गाडी असली की मी तोंड उघडायच्या आतच ते पिशवी उचलत; त्यांना पाटी माझ्याआधी दिसत असे, हे मला कळायचं. मी वाचून दाखवायची.