काचघराची मागची बाजू

संशय घेण्याची मला लहानपणापासूनची खोड. दूधवाला आला की मी आधी त्याच्या हाताकडे बघायचो, मग दुधाकडे. खोपोलीच्या पावरहाऊसच्या साहेबाकडे मी माळी म्हणून लागलो तेव्हा ही खोड बरोबर घेऊनच गेलो, आणि राखणदारीला ती बरी म्हणून साहेबालाही आवडली.

साहेबाचा जीव काचघरातल्या जिरेनियममध्ये. माघात कुंड्या पुण्याच्या फुलांच्या प्रदर्शनाला जायच्या, आणि झाड हवं ते बुटकं, भरलेलं, गुटगुटीत बाळासारखं. दसऱ्यानंतरचं ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही, म्हणून काचांना बाहेरून पातळ चुना फासायचा. त्या वर्षी डोंगराकडच्या मागच्या बाजूला चुना पुरला नाही. दिवाळीच्या तोंडावर घरच्या तुळशीवृंदावनाला लावायला आणलेली तांबडी काव उरली होती, ती कालवून तिकडच्या काचांना फासली. सावली ती सावली, तिला कसला आलाय रंग! साहेब त्या बाजूला फिरकत नसे.

मार्गशीर्षात मागच्या ओळीतली रोपं लांबायला लागली. देठ लेचेपेचे, पानं विरळ. पुढची ओळ मात्र ठेंगणी, घट्ट. पाणी तेच, खत तेच. मग माझी नजर डोंगरावरच्या वाडीतून कामाला येणाऱ्या ठाकरणीवर गेली. रानातून कुजलेल्या पाल्याचं खत ती आणायची, कुंड्यांना पाणीही तीच घालायची. तिला नवरा नव्हता, दोन पोरी होत्या, आणि बारमाही रोजी म्हणजे बंगल्याचं हे एवढंच काम.

कारल्याच्या मांडवाआडून मी तिच्यावर पाळत ठेवली. ती मागच्या कुंड्या एकेक उचलून दाराशी आणी, काहीतरी पुटपुटे आणि परत ठेवी. ही करणीच, दुसरं काय! मी तिला हटकलं.

"काय चाललंय गं?"

"उजेड दाखवतेय, माळीदादा. तुमची ती काच तांबडी हाय. तिच्याखाली झाडं येड्यावानी उंच चाललीत."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाय. रानात दाट झाडाखालचं रोप बी असंच धावतं. आमी बघतो ना."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, असं वाटून माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी साहेबाला सांगितलं, बाई खतात काहीतरी घालते. साहेबाने तिला काढून टाकलं. जाताना ती भांडली नाही, त्याचाही मला संशयच आला.

नवं खत मी माझ्या हाताने घातलं. तरी मागची रोपं लांबतच राहिली. शेवटी साहेब स्वतः मागे आला, काच बघितली, नखाने काव खरवडली. मग चार कुंड्या मागून पुढे नेल्या, चार पुढून मागे. पंधरा दिवसांत पुढे आलेल्या रोपांची नवी पानं दाट फुटली आणि मागे गेलेली ठेंगणी रोपं वर धावू लागली. साहेब हरखला. काव मी मुद्दाम लावून बघितली असं त्याने धरलं, आणि मी हो म्हणालो. उजेडाच्या रंगाने झाडाचा बांधा बदलतो, हे माझ्या माळ्याने शोधलं, म्हणाला. मुंबईहून निळ्या, तांबड्या काचा मागवल्या. मग त्याने विचारलं, "त्या बाईचं काय?"

मी म्हणालो, "ती कुंड्या हलवून सगळं बिघडवत होती, साहेब."

हे तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. रविवारी मी डोंगरावर तिच्या वाडीत गेलो. ती अंगणात फाट्यांची मोळी बांधत होती.

"चल कामावर," मी म्हणालो. "साहेबाला मी समजावतो."

"तांबड्या काचेचं मी आधीच बोलले व्हते, ह्ये सायबाला सांगितलंत का?"

मी मोळीचं टोक धरायला वाकलो.

"मग मी कशी येऊ, माळीदादा? तितं मी अजून खतात कायबाय घालणारीच हाय."

कुंड्या हलवून तिनेच सगळं बिघडवलं, असं खतापेक्षाही वाईट तिच्या नावावर लावून आलो होतो, ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. तिने मोळी विकायला डोक्यावर घेतली आणि ती बाजाराच्या वाटेने उताराला लागली.

मी बंगल्यावर पोहोचलो तेव्हा साहेब पाहुण्यांना काचघर दाखवत होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हे ह्याच्या डोक्यातून निघालं." सगळे माझ्याकडे कौतुकाने बघू लागले. मी हात जोडले.