कडीवाली खोली

"मॅडमला खोली पायजे! कडीवाली!"

दूध संकलन केंद्राच्या दारात गाडी थांबली, की मी खाली पाय टेकवायच्या आत आमचे ड्रायव्हरमामा खिडकीतून मुंडकं बाहेर काढून ही आरोळी ठोकायचे. दूध घालायला आलेले सगळे बाप्ये, हातातल्या किटल्या हातातच, एकदम माझ्याकडे वळायचे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला व्हायचं. धरणी काही दुभंगत नव्हती. मी ओढणी सारखी करत खाली उतरायची.

एवढा मोठा आवाज माणसाला असावा तरी कशाला, तुम्हीच सांगा. मामा पलटणीत ट्रक चालवून रिटायर झालेले. माणूस म्हसवडकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. म्हणजे आधी माळावर हाका मारून घसा तयार झालेला आणि वर त्या ट्रकची इंजिनं. "जरा हळू बोला हो मामा," म्हटलं, तर "आवं मॅडम, तहान लागली तर पाणी मागतोच की! ह्यात लाजायचं काय?" हेही अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं.

मी एका खासगी डेअरीत दूध तपासणीच्या कामाला. आज माणच्या बाजूची केंद्रं, उद्या सांगलीकडं माधवनगरच्या. रजा संपली तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. तिला मलकापुरात घरी सासूबाईंपाशी ठेवून मी सकाळी निघायची, ती दिवेलागणीला परत. पावडरचं दूध तिला सोसेना. पाजलं की उलटी, नाहीतर जुलाब. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढत नाहीये, अंगावरचंच द्या." द्या म्हणजे कसं द्या? पोरगी मलकापुरात आणि मी सांगलीत! साहेबांना म्हटलं, थोडे महिने ऑफिसातलं काम द्या. ते म्हणाले, "बायकांना फिल्ड दिलं की हे असंच होतं." झालं, मिळालं उत्तर.

दिवसभर मी लोकांच्या म्हशींच्या दुधाची फॅट बघायची आणि माझा स्वतःचा कुर्ता दुधानं भिजलेला. छाती दगडासारखी घट्ट, वर ताप भरल्यासारखं अंग. दूध काढायचा छोटा पंप पर्समध्ये होता, पण बसायचं कुठं? पहिल्याच आठवड्यात एका केंद्राच्या गोदामात पेंडीच्या पोत्यांमागे बसले, तर तिथला सचिव पोतं न्यायला थेट आत! तो आल्या पावली पळाला आणि मी रडकुंडीला आले. मामांना हे कळलं, तेव्हापासून त्यांच्या आरोळीत 'कडीवाली' हा शब्द वाढला.

काढलेलं दूध सुरुवातीला मी रस्त्याकडेच्या गटारात ओतायची. मामांनी बघितलं आणि टुणकन गाडीतून उतरले.

"न्हाई, न्हाई! दूध कुणाचं बी असू दे, पायदळी न्हाई जायाचं. आमची आय मेंढीचं सांडलं तरी वर माती वढायची."

मग काय, नवाच ताप. दूध ओतायचं तर झाडाच्या बुंध्यात. आणि माणच्या उजाड रस्त्याला झाड शोधायचं म्हणजे माझं कपाळ! पुढच्या केंद्रावर लोक खोळंबलेले, माझा फोन वाजतोय आणि मामा रमतगमत गाडी चालवत दोन्हीकडं बघताहेत.

"हितं बाभळ हाय, मॅडम."

"चालेल हो मामा, काहीही चालेल!"

"नगं, काटं हायत. म्होरं लिंब हाय."

त्या लिंबापर्यंत मी बाटली हातात धरून दात-ओठ खात बसायची. साहेबांच्या शिव्या मात्र मला एकटीला.

एक दिवस लिंबाखालीच ते म्हणाले, "लिंबानं लय बाळसं धरलंय बघा. तिकडं पोरगी वाळतीया." आणि सॅम्पलच्या बाटल्यांसाठी गाडीत जी बर्फाची पेटी असायची, तिचा एक कोपरा त्यांनी रिकामा केला. त्या पेटीत दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना बजावत फिरायची. मामांनी माझी बाटली आपल्या हिरव्या रुमालात गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना पोरगी ते दूध वाटी-चमच्यानं प्यायली आणि ओकली नाही. संध्याकाळी सासूबाईंनी रिकामी वाटी मला उलटी करून दाखवली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

पण सुख कसलं टिकतंय! उन्हातली दगदग, जेवणाचा पत्ता नाही, लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणीही बेतानं. माझं दूध आटायला लागलं. बाटलीचा तळ झाकला तरी नशीब, असे दिवस आले. पोरगी रात्रभर रडायची. आणि एक दिवस सांगलीकडच्या एका केंद्रावर, कडीवाल्या खोलीत, बऱ्याच दिवसांनी बाटली भरली. सॅम्पल भरायला पेटी केंद्रात आणलेली होती, तिच्यात मी ती ठेवली आणि तोंड धुवायला गेले.

परत येते तर तिथला तपासणी मशीनवरचा ऑपरेटर माझीच बाटली हातात घेऊन उभा. "मॅडम, ह्यावर नंबर न्हाई. पण मी तपासलं. मशीन पाणी दाखवतंय बघा. लय भेसळ! ज्याचं असंल त्याचं दूध बंद करा."

गाई-म्हशींच्या त्या मशीनमध्ये थोडं गेलं होतं, उरलेलं खालच्या बादलीत. रुमाल टेबलावर पडला होता. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, पण मी रुमाल उचलून मुठीत धरला. दारात मामा उभे होते. आता हे बोंबलणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण मामा इतक्या हळू बोलले, की ऑपरेटरला पुढं वाकावं लागलं.

"आईचं हाय ते. लेकरासाठी ठिवलं हुतं."

मग ते मला म्हणाले, "बसा गाडीत."

"मामा, अजून दोन केंद्रं राहिलीत."

"गाडी बिघडलीया."

"चालू आहे की!"

"ड्रायव्हर मी हाय का तुमी?"

ती बिघडलेली गाडी तडक मलकापुरात येऊन थांबली. पोरगी रडून रडून निपचित पडली होती. मी उंबऱ्याच्या आत बसले आणि तिला ओढणीखाली घेतलं. मामा दाराकडे पाठ करून अंगणात उभे राहिले. शेजारीण चौकशीला आली, तर "गप! लेकरू पितंय!" असे ओरडले, की लेकरूच दचकलं. पण तोंड काही सोडलं नाही तिनं.

गाडी कुठं कुठं फिरते ते साहेबांना ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच न्हेली. मॅडम नगं म्हणत हुत्या." कंत्राटावरचा माणूस. तिथल्या तिथं चावी काढून घेतली. मी भांडले, साहेबांच्याही साहेबांपर्यंत गेले. सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या, चावी काही परत आली नाही. मामा म्हसवडला आपल्या मेंढरांत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पेटीतला कोपरा सोडू नगा." फोन केला तर मेंढरांच्या गलक्यात त्यांचा आवाजच ऐकू येईना. त्यांचा आवाज! "पोरगी पिती का?" एवढंच काय ते कळलं.

नवा ड्रायव्हर गुणी होता. हळू बोलायचा, विचारल्याशिवाय बोलायचाच नाही. पहिल्या केंद्राच्या दारात त्यानं गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि मोबाइल काढला. अंगणात नेहमीची गर्दी. कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. कुणी बघावं असं काही झालंच नव्हतं. छाती ठणकत होती, कुर्ता भिजायला लागला होता. मी पर्समधून मामांचा हिरवा रुमाल काढून हातात घेतला.

मग काच खाली केली आणि मुंडकं बाहेर काढलं.

"मला खोली पायजे! कडीवाली!"

सगळे वळून बघायला लागले. बघू देत.