ब्रेक मात्र घट्ट

आमच्याकडे सायकल 'ओव्हरॉइल' करत. खरा शब्द ओव्हरहॉल, म्हणजे सगळं खोलून, पुसून पुन्हा बसवायचं, हे मला फार उशिरा कळलं. उमरोळीत तर ते कुणाच्या गावीही नव्हतं. ऑइल म्हणजे तेल आणि ओव्हर म्हणजे जास्त, तेव्हा सायकलला भरपूर तेल पाजलं की झाली ओव्हरॉइल, असा सगळ्यांचा सरळ समज. लोक चेनला तेल घालत, सीटच्या स्प्रिंगला घालत आणि उरलंसुरलं ब्रेकच्या रबरांना चोपडत. शेजारचे एक काका असेच ब्रेकला मनसोक्त तेल लावून स्टेशनच्या उतारावर निघाले आणि थेट म्हशींच्या डबक्यात जाऊन थांबले. आबा हसून हसून खाली बसले होते. "ब्रेकला त्याल पाजनारं येडं म्या पयल्यांदा बगितलं," म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे साताऱ्याकडचे. पालघरच्या एका भातगिरणीत फिटर म्हणून लागले आणि उमरोळीत भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार थाटला गेला. मला भाऊ नाही. "ह्योच माजा ल्योक," असं ते चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून सांगत, आणि मला ते खरं वाटे. कुणाला वाटणार नाही? बोईसरला गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला मला घेतलं, तेव्हा आईनं तोंड वाकडं केलं. आबांनी मात्र कुठल्याशा साहेबाच्या मुलाची जुनी रेसर सायकल माझ्यासाठी उचलून आणली. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, वर आडवा दांडा असलेली. पंजाबी ड्रेस घालून त्या दांड्यावरून पाय टाकणारी मुलगी म्हणजे उमरोळीला फुकटचा तमाशा. आबांनी हँडल फिरवून त्याची शिंगं वर केली आणि म्हणाले, "बस. कोन हासतंय त्ये बगतो."

नुसती सायकल दिली असती तर गोष्ट वेगळी. त्यांनी मला ती सगळी शिकवली. रविवारी अंगणात पोतं अंथरायचं, सायकल उलटी करायची आणि दोघांनी समोरासमोर उकिडवं बसायचं. "आदी ऐकायचं. मग बगायचं. हात शेवटाला लावायचा," हे त्यांचं पालुपद. सायकल कटकट वाजतेय? पाय मारायचं थांबव. आवाज थांबला तर दुखणं पायडलकडं, चालू राहिला तर चाकात. हवा गेली? लगेच ट्यूब काढायला धावू नकोस, आधी वॉल्वच्या तोंडाला थुंकी लाव. बुडबुडा आला तर आतली वालट्यूब, ती रबराची बोटभर नळी, फाटली असणार. चाक डुगडुगतंय? मग 'आउट' काढायचा, म्हणजे चाक फिरवत बघायचं, रिम कुठल्या बाजूच्या रबराला घासते, आणि पलीकडच्या बाजूच्या तारा जराजरा कसायच्या. "आन् डावं पायडल खोलताना उलटं फिरतंय, ध्येनात ठेव. रुसल्या जावयावानी." नटावर पाना लावण्याआधी त्यावर जुन्या पंचाची चिंधी ठेवायची, म्हणजे नटावर चरा उठत नाही. पंचक्रोशीत दुसरं कुणी हे करत नसे. लोक सरळ पकड लावून नटाचे कोपरे खाऊन टाकत.

मला ते सगळं येऊ लागलं. नुसतं येऊ लागलं नाही, छान येऊ लागलं. कंपनीतल्या बायका आपल्या सायकली माझ्याकडे आणत. गेटवर माझी वाट बघत थांबणारी एक मैत्रीण होती, तिकडचीच, भातशेतीवाल्या घरची. ती म्हणायची, "बाय, तू गोळ्या कशाला भरतंस? दुकान टाक नाक्यावर." मी हसून सोडून द्यायचे. मला गोळ्याच भरायच्या होत्या, आणि त्या कायम म्हणून भरायच्या होत्या.

कारण दिवाळीनंतर आमच्यातल्या काही जणींना कायम करणार होते. कायम म्हणजे कुणी उद्यापासून येऊ नकोस म्हणायची सोय नाही. कायम म्हणजे माझ्या पायावर मी. काम माझं चोख होतं, पण पहिल्या पाळीचं गेट सातला बंद व्हायचं आणि आमचे शिफ्टचे साहेब उत्तरेकडचे, मोठे कडक. वेळेवर येत नाही तिला कायम करणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. शटल गाडी होती, पण ती यायची तिच्या मर्जीनं. माझी सगळी भिस्त त्या रेसरवर.

गणपती झाले आणि सायकलला काय धाड भरली कोण जाणे. गणपतीत गावाकडचे पाहुणे येऊन चहा पिऊन गेले होते. मी तेव्हा कामावर होते, आल्यावर कपबशा तेवढ्या विसळल्या. त्यानंतर एके सकाळी बघते तर मागच्या चाकात हवा नाही. थुंकी लावली, बुडबुडा आला. वालट्यूब फाटलेली, आणि तीही मी परवाच घातलेली नवी. घातली दुसरी, पोचले उशिरा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग वाटेतल्या पांचाळी गावाच्या पुढे चेन उतरली. मग एकदा चेनची कडी अशी अडकली की काळे हात घेऊन मी गेटवर उभी.

"गं बाय, ती सायकल हाय का म्हैस? रोज बसते," मैत्रीण म्हणाली.

साहेबांना चेष्टा सुचत नव्हती. "साइकिल का बहाना रोज-रोज नहीं चलेगा. अब एक बार भी लेट हुई तो परमानेंट का सपना छोड़ दो," त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. मी मान खाली घालून आत गेले. रडू येत होतं, पण पॅकिंगच्या टेबलावर रडायची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. म्हटलं, मी इतकं नीट बसवते आणि तरी कसं सुटतं? ते बिडी विझवत म्हणाले, "बाईच्या हाताला नट कसला बसतुय. ताकद लागती त्येला."  इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलं नव्हतं. वर ते इतक्या मायेनं बोलले की मला ते खरंच वाटलं. मी माझे हात बघत बसले. त्यानंतर कंपनीतल्या बायकांच्या सायकलींना हात लावायचंही मी सोडून दिलं. न जाणो, माझ्या हातून कुणी पडायचं!

त्या रविवारी मी पुन्हा सगळी सायकल खोलली. चाक मागे ओढून चेन बोटभर ताणली, नट असे कसले की तळहाताला वळ उठला. पाना सीटखालच्या पिशवीत ठेवला. सोमवारी लवकर निघाले. वारा समुद्राकडून होता, रस्ता मोकळा होता आणि मला हायसं वाटत होतं. आणि पांचाळी गेल्यावर, ओढ्यावरच्या मोरीच्या चढाला जोर लावला मात्र, खाडकन चेन उतरली.

बसवली. पुन्हा उतरली. पिशवीत हात घातला तर पाना नाही.

मी सायकल रस्त्याच्या कडेला उलटी केली. डोक्यात आबांचंच पालुपद. आधी ऐकायचं, मग बघायचं. चेन ढिली होती, लोंबत होती. म्हणजे मागचं चाक पुढे सरकलं होतं. बरं, नट ढिले राहिले असते तर चेनच्या ओढीनं चाक एका अंगानं सरकलं असतं, तिरकं झालं असतं. हे सरळ होतं. नटाखालची चकती आधी जिथे दाबून बसली होती तिथला चकचकीत वळ मागे उघडा पडला होता, आणि तो डावीकडे जेवढा तेवढाच उजवीकडे. नट बोटांनी हलवून बघितले. हलेनात. म्हणजे कुणीतरी ते सोडवले होते, चाक अंदाजानं पुढे घेतलं होतं आणि पुन्हा नीट कसलं होतं. मेल्यानं काम सुबक केलं होतं! मी नटावरून अंगठा फिरवला. एक चरा नव्हता.

तरी मला कळलं नाही. खरंच सांगते, कळलं नाही. कळून घ्यायचं नव्हतं म्हणा. नाक्यावरची पोरं असतील, शेजारचं कुणी जळत असेल, असं मी मनाला सांगत होते. रागारागानं मी ब्रेक दाबला. तो असा लागला की पुढचं चाक जागच्या जागी गपकन थांबलं. मागचा दाबला, तोही तसाच. रबरं स्वच्छ पुसलेली, रिमपासून सारख्या अंतरावर, तार ताणलेली. ब्रेकला मी त्या रविवारी हात लावला नव्हता.

मग मला एकेक आठवायला लागलं. हवा गेली होती, चेन उतरली होती, कडी अडकली होती. सगळी दुखणी माणसाला उशीर करणारी. पाडणारं एकही नव्हतं. माझ्यावर डूख धरून असणाऱ्यानं पहिला ब्रेक सोडला असता. हे करणाऱ्याला मी कामावर पोचायला नको होते, पण माझ्या गुडघ्याला खरचटायलाही नको होतं. असं माणूस जगात एकच होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात, माझं उलट झालं. मी गार पडले. तिथे मोरीच्या कठड्यावर बसून राहिले. मग सायकल ढकलत चालत गेले, कारण जाणं भाग होतं. गेट बंद होतं. साहेब आतून आले, त्यांनी माझे काळे हात बघितले, मान हलवली आणि परत गेले. दिवाळीनंतर ज्यांना कायम केलं, त्यांत मी नव्हते.

त्या दिवशी घरी येऊन मी उंबऱ्यात बसले. पाना आबांच्या खिळ्याला टांगलेला होता. त्या खिळ्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. मी तो काढून ओढणीत घेतला आणि ते येईपर्यंत हलले नाही. आई दोनदा जेव म्हणाली. मी ऐकलं नाही.

संध्याकाळी आबा आले. "लौकर आलीस?" म्हणाले.

"पाना कुठाय, आबा?"

त्यांनी आधी खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग खाली बसले. काही लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, तेवढं त्यांचं कौतुक करायचं तर करते.

"गावाकडचं स्थळ हाय," ते म्हणाले. "पोरगा सरकारी नोकरीत हाय. कंपनीत जानारी पोरगी नगं म्हनत्यात. तू कायम झालीस की सोडनार न्हाईस, ह्ये म्हाईत हुतं मला."

"मग मला सांगायचं! भांडले असते, रडले असते, पण सांगायचं होतं ना!"

"आगं, तुला तोंडावर नगं कसं म्हनू? म्याच तर बशिवली तुला सायकलीवर."

"म्हणून केसानं गळा कापलात माझा?"

"पर तुला इजा हुईल आसं कायबी केलं न्हाय," ते घाईनं म्हणाले, जणू ही एक गोष्ट तरी मी मोजावी. "ब्रेक रोज सकाळी बगत हुतो. तू उटायच्या आदी. इचार तुज्या आईला."

मी आईकडे वळले. ती चुलीपाशी होती. तिनं मागे वळून बघितलं नाही. म्हणजे तिलाही माहीत होतं. दोन खोल्यांच्या घरात माहीत नव्हतं ते फक्त मला.

नोकरी गेली याचं दुःख होतंच, पण ते नोकरीचं दुःख. दुसरी मिळाली असती, पुढे मिळालीही. त्या स्थळासमोर मी बसलेसुद्धा नाही. पण बाईच्या हाताला नट बसत नाही हे त्यांनी मला पटवलं होतं, आणि ते म्हणताना माझे नट किती घट्ट बसतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दर वेळी त्यांनाच तर ते सोडवायला लागत होते. हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही. म्हातारपणी त्यांचे पाय चेपले, औषधं दिली, सगळं केलं. माफ केलं नाही.

त्या संध्याकाळी मी पाना त्यांच्यासमोर ठेवला. "बसवा. माझ्यासमोर," म्हटलं. त्यांनी चिंधी घेतली, नट सोडवले, चाक मागे ओढलं, चेन बोटभर ताणली, नट कसले. अप्रतिम बसवलं. मी पायडल फिरवून बघितलं, आवाज नाही, हेलकावा नाही. खोट काढायला जागाच नव्हती. मग मी त्यांच्या हातातून पाना घेतला, दोन्ही नट सैल केले आणि पुन्हा पहिल्यापासून बसवायला घेतलं. ते समोर उकिडवे बसून बघत होते. थोड्या वेळानं उठून आत गेले.

पुढे कित्येक वर्षं रविवारी पोतं अंथरलं की ते दारातून विचारायचे, "ओव्हरॉइल करू का गं तुजी सायकल?"

"झालंय, आबा," मी म्हणायचे. बऱ्याचदा झालेलं नसायचं.