नळ्या साफ हायत

कापडे गावात भातलावणीला सावड चालते. आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. जी बाई गेली नाही तिच्या खाचरात कोण उतरणार? बनुबाईनं पंचवीस वर्षांत एक खाडा केला नव्हता. सगळ्यांत पुढची ओळ तिची, आणि तोंडही तिचंच पुढे.

तर दोन वर्षांमागे तिच्या छातीत आवळायला लागलं. भारा घेऊन चढ चढली की आवळे, बसली की सुटे. नवरा सदू तिला पनवेलला घेऊन गेला. तिथे हातातून तार घालून काळजाच्या नळ्या तपासल्या. डॉक्टर सदूशी बराच वेळ बोलला. बाहेर येऊन सदू म्हणाला, "नळ्या साफ हायत गो. काय नाय तुला." बनुबाईनं देवापुढे नारळ फोडला.

आवळणं काही थांबलं नाही. लावणीत एकदा ती बांधावर बसली, तर शेजारच्या तुळसानं आपल्या नवऱ्याची, छातीत दुखलं की जिभेखाली धरायची गोळी तिला मायेनं दिली. दुखणं उलट वाढलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाया गोळा झाल्या, आणि सदू सगळ्यांदेखत खणखणीत बोलला, "नळ्या साफ हायत हिच्या. लावणी आली की नाटकं सुरू."

झालं! बनुबाई कामचोर ठरली. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? वाईट याचं, की हळूहळू तिलाही वाटायला लागलं, आपणच सोंग करतोय की काय.

यंदा लेक अनुपमा सासरहून, उमरठहून आली. आईचा चेहरा बघून तिनं ट्रंकेतली पनवेलची फाईल काढली आणि आईला महाडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कागद वाचले.

"नळ्या साफच आहेत. पण एक नळी काळजाच्या मांसाखालून जाते, जन्मापासून. ठोका पडला की दाबली जाते, पाण्याच्या पाइपावर पाय पडावा तशी. पुष्कळांना असतं, कळतही नाही. तुम्हाला त्रास होतो, तर ठोके सावकाश करणारी गोळी रोज घ्यायची, मनानं बंद करायची नाही. दमछाकीचं काम नको. आणि जिभेखालची गोळी तुम्ही घ्यायचीच नाही, तिनं ती नळी जास्तच दाबली जाते." मग त्यांनी कागद उलटला. "हे सगळं तेव्हाच लिहिलंय की. गोळीची चिठ्ठीही आहे. नातेवाइकांना समजावलं म्हणून सही घेतलीय."

सदूची वाकडी सही बनुबाई ओळखत होती.

घरी सदूनं मान खाली घातली. "पोरीचं जमत होतं. आईच्या काळजात खोट म्हटल्यावर उमरठवाले मागं सरले असते."

"मग मला सांगायचं. पोरीसाठी मीच तोंड शिवलं असतं. लग्नाला दीड वरीस झालं, तरी गोळी नाय आणलीत. वर नाटकं म्हणालात."

परक्यानं केलं असतं तर ती शिव्या घालून मोकळी झाली असती. ज्याच्या शब्दावर नारळ फोडला, त्यानंच फसवलं होतं.

चार दिवसांनी सावड त्यांच्या शेतात आली. बनुबाई बांधावर बसून राहिली. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तिनं सदूला बोलावलं.

"सांगा त्यांना."

सदू चिखलाकडे बघत पुटपुटला, "तिला खरंच बरं नाय."

"आयकू नाय आलं," बनुबाई म्हणाली. "त्या दिवशी पार शेवटच्या खाचरापर्यंत गेलं होतं. तेवढ्याच मोठ्यानं बोला."