आपलीच घरं

ऑड्री हॅलिवेलला राग यायला फारसं काही लागत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पोरांना वाढलेली बाई. तिचा आवाज कालव्यापलीकडे ऐकू जायचा. पण यंदाचा राग निराळा होता. निवडणुकीत समोर निळ्या पक्षाचा एकच उमेदवार, आणि या बाजूला तिचा लाल पक्ष, हिरव्या पक्षाची बाई आणि लालांवर रुसून अपक्ष उभा राहिलेला एक मास्तर. तिघांची मिळून गावातली निम्म्याहून जास्त मतं, पण निवडून येणार सगळ्यांत पुढे असलेला एकटा.

"यांना हरलेलं चालतं, एकमेकांचं ऐकलेलं चालत नाही," ती येईल त्याला सुनवायची.

मतदानाच्या दिवशी ती लाल बिल्ला लावून शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसली, आपल्यापैकी कोण मत देऊन गेलं ते कळावं म्हणून येणाऱ्यांना मतदार क्रमांक विचारून यादीत खुणा करत. चार वाजले तरी लूम स्ट्रीटचं पान जवळपास कोरंच. ती गिरणी कामगारांची गल्ली, आजोबा-पणजोबांपासून लाल. पक्षानं प्रचार सांभाळायला लंडनहून पाठवलेल्या इमोजेनला तिनं फैलावर घेतलं.

"त्या गल्लीत प्रचाराला कोण गेलं होतं?"

"कुणीच नाही. यादीत त्या घरांपुढे 'आपली' लिहिलंय. वेळ कुंपणावरच्यांना द्यायचा, असं ठरलेलं आहे ना?"

"खड्ड्यात गेलं तुमचं ठरलेलं."

ऑड्री तरातरा लूम स्ट्रीटवर गेली आणि विल्फ्रेड ग्रिमशॉचं दार वाजवलं. तिच्या नवऱ्याबरोबर संपात उभा राहिलेला माणूस.

"विल्फ, मत दिलंस?"

"नाही."

"बूट घाल. चल."

"आज बरी आठवण झाली," विल्फ्रेड म्हणाला. "निळ्यावाला तीनदा येऊन गेला. तुंबलेलं गटार बघून गेला. केलं काही नाही मेल्यानं, पण आला. हिरवीवाली बसून केक खाऊन गेली. आणि तुम्ही? समोरच्या फुटपाथवरून हात हलवत जाता. कामगार कामगार करता, आणि कामगाराचं दार दिसत नाही?"

"मला सांगायचंस तरी."

"कुठं सांगू? थांबली असतीस तर सांगितलं असतं."

त्यानं दार लावून घेतलं, आपटलंसुद्धा नाही. पुढची चार दारंही तशीच लागली.

सकाळी निकाल कळला. निळा एक्केचाळीस मतांनी आला. लूम स्ट्रीटवर मतदार नव्वद होते.

ऑड्री तडक पक्षाच्या कचेरीत गेली. हे 'आपली' लिहिणारा शहाणा कोण, हे तिला बघायचंच होतं. इमोजेननं कपाटातली जुनी वही काढून दिली. संगणकातली यादी तिच्यावरूनच उतरवलेली होती. ऑड्रीनं पान उलटलं. बारा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, गुडघा दुखत होता, बाहेर पाऊस होता, आणि घरी जायची घाई होती, हे सगळं तिला एकदम आठवलं.

'लूम स्ट्रीट. सगळी आपलीच. थांबायची गरज नाही.'

अक्षर तिचंच होतं.