हात न देणारा स्टीफन

नवापूरच्या पुढे, दोन डोंगर ओलांडले की गुजरातची हद्द लागते. तिथल्या एका पाड्यावर सरकारी नियम मनापासून पाळणारा एकच माणूस उरला होता, स्टीफन. हाच स्टीफन पूर्वी तलाठ्याला मोजत नव्हता. वनखात्याच्या माणसाने जमिनीचा कागद मागितला, तर 'आधी तुझा दाखव' म्हणणारा. पण कोरोनाने त्याला असा सुधारला की बघत राहावं. दोन वर्षं नाकावर मास्क, खिशात सॅनिटायझर. बाकीच्यांचे मास्क एव्हाना चुलीवरची गरम भांडी उतरवायला लागले होते. याचा मात्र धुऊन, वाळवून पुन्हा नाकावर.

जीव प्यारा होता म्हणून नाही. त्याला एक हात टाळायचा होता. सख्ख्या थोरल्या भावाचा, सॅम्युअलचा.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये गुजरातेतली ऊसतोड बंद पडली, तेव्हा स्टीफन बायकोला, लिडियाला घेऊन पायी घरी आला. पाड्याच्या तोंडाशी बांबू आडवा, आणि बांबूला टेकून सॅम्युअल. गावाने त्याला दक्षता समितीवर घेतलं होतं. गळ्यात शिट्टी आली की माणूस सख्खा राहत नाही. त्याने दोघांनाही चौदा दिवस शाळेत टाकलं, बाया एका वर्गात, बाप्ये दुसऱ्यात. स्टीफन गपगुमान राहिला. साथ होती, नियम होता. पण आठव्या दिवशी खिडकीतून त्याने पाहिलं, सॅम्युअलचा जावई सुरतेहून मोटरसायकलवर आला आणि सासऱ्याने स्वतःच्या हाताने बांबू उचलला. संध्याकाळी कोंबडीच्या रश्श्याचा वास थेट शाळेत. शाळेत होती समितीची खिचडी, तिच्यात डाळ शोधावी लागायची.

तेव्हापासून बोलणं बंद. स्टीफनला माफी नको होती. जावई आला होता, एवढं सॅम्युअलने सगळ्यांसमोर कबूल करावं, बस. मध्ये पडणाऱ्यांना सॅम्युअल विचारायचा, "कोणता जावई?"

अडचण होती चर्चची. तिथली रीत अशी की उपासना संपली की अंगणात सगळे रांग करतात. पहिला माणूस एकेकाचा हात धरत, 'जय येशू' म्हणत टोकाला जाऊन उभा राहतो, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. म्हणजे प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात पडतोच. कोरोनात ही रांग बंद झाली आणि ते स्टीफनच्या पथ्यावर पडलं.

मग २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारला जाग आली. निर्बंध उठले, मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बाजारात पुन्हा रेटारेटी, जीपमध्ये चौघांच्या जागेवर सात, टपरीवर एका विडीला तीन ओठ. माणसं एकमेकांना खेटून इतकी खूश की जणू सरकारने पगार सुरू केला. आणि चर्चच्या पाळकांनी जाहीर केलं, रविवारपासून रांग.

शनिवारी स्टीफन त्यांच्या दारात हजर.

"पाळकसाहेब, चौथी लाट येणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"टीव्हीवाले."

"तुझ्याकडे टीव्ही कधी आला?"

घरी लिडियाने ऐकलं आणि म्हणाली, "जन्मभर सरकारला शिव्या घातल्या, आता सरकारपेक्षा कडक झालास. जा, कलेक्टर हो."

रविवारी स्टीफन रांगेत उभा राहिला तो मास्क लावून आणि हात जोडून. नमस्काराला कोण नाव ठेवतं? एकेक जण हसून पुढे गेला. मग सॅम्युअल आला. त्याने हात पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे, अजून शाळेतच का?"

रांग हसली. स्टीफनचं डोकं फिरलं. त्याने मास्क ओढून खिशात कोंबला आणि सॅम्युअलचा हात धरला, विळ्याची मूठ धरावी तसा. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळं गाव रांगेत उभं आहे आणि भाऊ आपल्या मुठीत आहे.

"दादा, जावई आला होता का नाही?"

"जय येशू म्हण आणि सोड."

"येशूसमोरच विचारतोय."

मागे लोक खोळंबले. पाळक आभाळाकडे बघू लागले. सॅम्युअलने मनगट ओढून पाहिलं, सुटेना.

"आला होता. तीन दिवस राहिला. झालं?"

स्टीफनने मान उंच करून रांगेकडे पाहिलं. आता गाव सॅम्युअलच्या तोंडात शेण घालणार. गाव तर जांभई देत होतं.

"हे विचारायला दोन वर्षं घेतलीस होय?" मागून म्हातारी दिवलीबाई म्हणाली. "सगळेच होतो की जेवायला. तीन कोंबड्या कापल्या होत्या."

"सगळे? आणि मी?"

"तू क्वारंटाईन ना बाबा. नियम म्हणजे नियम."

सॅम्युअल पुढे सरकला. रांग पुन्हा चालू झाली. एकेक हात येत होता आणि स्टीफन एकेक हात असा आवळत होता की माणसं 'जय' म्हणताना कळवळत होती. शेवटी लिडियाचा हात आला. ती पायाकडे बघत होती.

"मला वाटीभरच रस्सा दिला होता," ती म्हणाली. "वहिनीने, मागच्या खिडकीतून."

स्टीफनने तिचा हात सोडला. मग रांगेच्या टोकाकडे वळून त्याने हाक मारली.

"दादा, संध्याकाळी जेवायला येतो. दोन्ही तंगड्या माझ्या."

"एक," सॅम्युअल तिकडून म्हणाला. "जावई आलाय."